मे महिन्यात टाऊन हॉलचे फोटो काढायला जाताना

आभाळ घ्यायचं की नाही, हे घरीच ठरवून निघा. पिशवीत काय भरायचं ते त्यावर अवलंबून आहे. आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलची इमारत काळ्या दगडाची, आणि मे महिन्यात दहा वाजून गेले की तिच्या मागचं आभाळ पांढरंफेक पडतं. दोन्ही एका चौकटीत कोंबली की कॅमेरा गांगरतो. दगडाची घडण दिसावी म्हटलं तर आभाळ उडतं, आभाळ सांभाळलं तर मनोऱ्यांचा नुसता कोळसा. म्हणून आभाळ हवं असेल तर सकाळी साडेसहाला तिथे हजर व्हा, साडेआठपर्यंत काम आटपा. उशिरा जाणार असाल तर आभाळाचा नाद सोडा आणि कमानी, खिडक्या, भिंतीवर पडलेली झाडांची सावली टिपा. ते फोटोही काही कमी नसतात.

बागेचं फाटक किती वाजता उघडतं आणि ट्रायपॉड लावू देतात का, हे आदल्या दिवशी तिथल्या माणसाला प्रत्यक्ष विचारून या. टाऊन हॉलच्या आतलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. गर्दी कमी म्हणून तो दिवस निवडणारे असतात, पण मग आत जायचं राहतं. ड्रोनचा विचार परवानगीशिवाय डोक्यातसुद्धा आणू नका, समोर सीपीआर रुग्णालय आहे.

विचारायला जालच तर मोबाईलवर होकायंत्र काढून दर्शनी बाजूचं तोंड कुठे आहे ते बघून घ्या आणि वहीत टिपा. आपल्याकडे सूर्य बारा वाजता डोक्यावर येत नाही. देशाची वेळ आपल्या बऱ्याच पूर्वेच्या रेखांशावरून धरलेली, त्यामुळे कोल्हापुरात खरं माध्यान्ह साडेबाराच्या आसपास होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात तर एक दिवस सावली पायाखालीच जाते. त्यानंतर थेट ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कललेला असतो. एरवी सावलीत असणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतीवर तेव्हा वरून घसरतं ऊन पडतं, आणि दगडावरचे टाकीचे घाव एकेक मोजता येतात. भरदुपारी तिथे उभं राहण्यासारखं एवढंच.

आता कॅमेरा. चौकट दगडानेच भरली असेल तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, मग तो फोटो उजळ करतो आणि काळा दगड राखेसारखा करडा येतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप मायनसला घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). आभाळ जास्त आलं की उलटं, तिथे प्लसला जावं लागतं. मी तर ब्रॅकेटिंग लावूनच ठेवतो, म्हणजे एकाच दृश्याचे दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो, आणि तेही रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेल्या मोठ्या फाइलमध्ये. कार्ड त्या हिशेबाने मोठं घ्या. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, तेव्हा व्ह्यूफाइंडरला डोळा लावा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा. स्क्रीन बघून ‘मस्त आलाय’ म्हणत घरी आलेले फोटो मी बरेच फेकलेत.

लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर असेल तर नक्की ठेवा. झाडांच्या पानांवरची आणि दगडावरची चमक तो मारतो. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आभाळावर त्याचा जोर सगळ्यात जास्त चालतो, म्हणजे सूर्य माथ्यावर असताना क्षितिजालगतचं आभाळ चहूबाजूंनी गडद करता येतं. दुपारचा हा एक फायदा, तोही हवेत धुरळा नसेल तरच. उजेड एक-दोन स्टॉप कमी होतो तेवढं धरून चाला.

मनोरे मावावेत म्हणून कॅमेरा वर उचलला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. कॅमेरा सरळ धरा, मागे जा, खालची जमीन जास्त आली तरी येऊ द्या, घरी कापता येते. मागे जायला जागा मात्र बेताची, झाडं आडवी येतात. म्हणून वाइड लेन्स लागतेच. दुसरी 70-200 सारखी, लांबचं जवळ आणणारी, टोकदार कमानींसाठी. पण हीच लेन्स घेऊन पुढे न्यू पॅलेसला जाणार असाल तर सकाळचंच जा. लांबून घड्याळाचा मनोरा धरला की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, आणि मग कितीही महागडी लेन्स असो, कडा धूसरच येतात. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, ब्रिटिश वास्तुकार चार्ल्स मँटच्या. टाऊन हॉल 1872 ते 1876 मधला, पॅलेस 1877 ते 1884 मधला. एकाच दिवशी दोन्ही टिपल्या की त्याच्या हाताची सवय कळते.

ट्रायपॉड घेतलात तर त्यावर कॅमेरा अडकवायची प्लेट कॅमेऱ्याला लावलेली आहे का ते आदल्या रात्री हात लावून बघा. डोळ्यांनी नाही, हात लावून. गेल्या वर्षी मी पहाटे उठून, चार किलोचा ट्रायपॉड खांद्यावर टाकून गेलो आणि प्लेट घरी दुसऱ्या कॅमेऱ्याच्या बुडाला. रुमालाची चुंबळ करून कॅमेरा ट्रायपॉडवर टेकवला, एका हाताने दाबून धरला, आणि ते बघून एक आजोबा फिरता फिरता थांबून म्हणाले, ‘दोरीनं बांध की रं!’

काळा कॅमेरा उन्हात लवकर तापतो, त्यावर टाकायला पांढरा पंचा ठेवा. तोच मग मानेवर, डोक्यावर. गाडीच्या डिकीत कॅमेरा, बॅटऱ्या, मोबाईल काहीही ठेवू नका, डिकी म्हणजे भट्टी. मोबाईल तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग कॅमेराच बंद पडतो. एसी कारमधून जाणाऱ्यांनी पिशवी थोडा वेळ तशीच बंद ठेवावी, नाहीतर लेन्सवर वाफ धरते.

पाणी दोन लिटर, चिमूटभर मीठ-साखर घालून. तापल्या दगडावर गुडघा टेकायचा असेल तर फुलपँट.

झाडांखाली सीपीआरमधल्या रुग्णांचे नातेवाईक डबा सोडून बसलेले असतात, कोणी पंचा तोंडावर घेऊन आडवं झालेलं असतं. चौकटीत ते येत असतील तर कॅमेरा फिरवा किंवा थांबा.

उन्हाचा तडाखा वाढला की आत जा. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती तिथे आहे, आणि आबालाल रहिमान यांची चित्रं. कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून या माणसाने याच गावाचा उजेड आयुष्यभर रंगवला. बाहेर हिस्टोग्रामशी झटून आल्यावर ती चित्रं बघताना जरा ओशाळायला होतं.

आणि चारच्या सुमाराला पश्चिमेकडे ढग जमले तर घरी पळू नका. वळीव बहुतेक वेळा लवकर ओसरतो, आणि नंतर ओला दगड शाईसारखा चमकतो. रेनकव्हर नसेल तर एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी, दोन रबरं आणि कोरडा नॅपकिन ठेवा. पिशवीला लेन्सपुरतं भोक घरूनच पाडून न्या, तिथे कात्री मिळत नाही.