वर्षाला शंभर डॉलरची आमदारकी: न्यू हॅम्पशायरमधून उभं राहणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात स्टेट रेप्रेझेंटेटिव्हच्या, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाच्या ('हाउस'च्या) आमदाराच्या, उमेदवारी अर्जाची फी फक्त दोन डॉलर आहे. वय अठरा पूर्ण, राज्यात दोन वर्षं वास्तव्य, त्याच मतदारसंघात घर आणि हातात अमेरिकेचं नागरिकत्व असलं की झालं. दार इतकं सताड उघडं बघून माणूस आत शिरतो. मीही तशीच शिरले आणि एक टर्म काढली. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक), पक्षनोंदणी, वॉर्ड हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहितेय.

पगाराचं आधी सांगून टाकते, कारण गावाकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर गाडी, पीए आणि पेन्शनवाला आमदार असतो. इथे दोन वर्षांच्या टर्मला दोनशे डॉलर मिळतात. हा आकडा 1889 पासून राज्यघटनेत आहे तसाच आहे. वर मायलेज, म्हणजे गाडीच्या प्रवासाचा भत्ता, मिळतो. ऑफिस नाही, स्वतःचा स्टाफ नाही, मतदारांच्या ईमेलना उत्तरं रात्री भांडी आवरल्यावर आपणच द्यायची. मिशिगनच्या आमदाराला 71,685 डॉलर मिळतात, न्यू यॉर्कमध्ये 1,42,000. तेव्हा "अमेरिकेत आमदार व्हायचंय" या वाक्याला काही अर्थ नाही. आधी राज्य कोणतं ते सांगा.

आता तो सापळा, ज्यात मी अडकले. या विधिमंडळाला सगळे 'पार्ट-टाइम' म्हणतात. नोकरी सांभाळून जमेल, असं आपण मनात धरतो. अधिवेशन साधारण जानेवारी ते जून. सभागृह बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी भरतं, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस रजा टाकली की भागेल असं वाटतं. भागत नाही. खरं काम कमिट्यांमध्ये चालतं आणि त्या इतर दिवशी बसतात. इथे दाखल झालेल्या प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, कमिटीला ते दाबून ठेवता येत नाही. हाउसचे चारशे आमदार विधेयकं आणणार म्हटल्यावर सुनावण्या किती होतात याचा अंदाज करा. शिवाय हाउसची विधेयकं सेनेटकडे, म्हणजे वरच्या सभागृहाकडे, पाठवायची मुदत, तिला 'क्रॉसओव्हर' म्हणतात, वसंताच्या तोंडावरच येते. म्हणजे सगळा ताण जानेवारी ते मार्चमध्ये, ऐन बर्फात. आणि कोणत्या दिवशी बोलावणं येईल ते कॅलेंडर निघाल्यावर, थोडे दिवस आधीच कळतं.

माझ्या मॅनेजरने निवडणुकीआधी हसत हसत "जरूर कर" म्हटलं होतं. फेब्रुवारीत तेच हसू मावळलं. तोंडी होकाराला काडीची किंमत नसते, म्हणून एचआरकडून लेखी घ्या. कोणते महिने, आठवड्याला जास्तीत जास्त किती दिवस, बिनपगारी की कसं, आणि मुख्य म्हणजे तास कमी झाले तर हेल्थ इन्शुरन्स टिकतो का. हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. त्या वर्षी घर नवऱ्याच्या पगारावर आणि त्याच्याच इन्शुरन्सवर चाललं. दोघांपैकी एकाची नोकरी पक्की नसेल, तर स्पष्ट सांगते, यंदा उभे राहू नका.

"एखादा दिवस नाही गेलं तर काय बिघडतं?" असं म्हणाल. 2022 च्या निवडणुकीनंतर हाउसमध्ये दोन पक्षांचं बलाबल 201 विरुद्ध 198 होतं, एका जागेवर बरोबरी झाली होती. अशा सभागृहात कोण गैरहजर आहे यावर कायदे ठरतात. घरून झूमवर मत देता येत नाही. कोव्हिडच्या काळात काही आमदार याच मुद्द्यावर फेडरल कोर्टात गेले, हरले.

घाबरवायचा हेतू नाही. आत गेल्यावर माणसं फार चांगली भेटतात. बरेच सदस्य निवृत्त आहेत, म्हणूनच शाळेत मुलं असलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाचं म्हणणं कान देऊन ऐकलं जातं. आपल्या इंग्रजी उच्चारांचीही भीती नको. नॅशुआ शहरातून भारतीय वंशाच्या लता मंगीपुडी 2013 मध्ये हाउसवर निवडून आल्या आणि पुढेही पुन्हा पुन्हा निवडून आल्या.

प्रचारासाठी कन्सल्टंट मुळीच नेमू नका. राज्याची लोकसंख्या साधारण चौदा लाख आणि आमदार चारशे, म्हणजे माणशी साडेतीन हजारांचा हिशेब. एवढ्या लोकांची दारं आपण स्वतः ठोठावू शकतो. लोक विचारणार प्रॉपर्टी टॅक्सबद्दल, कारण इथे पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, सेल्स टॅक्सही नाही, आणि शाळांचा भार घरपट्टीवर पडतो. त्याचं उत्तर तोंडपाठ हवं. पैशाचं म्हणाल तर आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार बघा. 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी त्यांनी स्वतःचे कोटीभर डॉलर ओतले आणि प्रायमरीत तिसरे आले. पुढे 2020 मध्ये डेट्रॉइटमधून स्टेट हाउसवर निवडून आले, मग अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये गेले. पैसा त्यांनी तिथेही स्वतःचाच लावला, पण मला वाटतं लहान मतदारसंघाने त्यांना जे दिलं ते टीव्हीवरच्या जाहिरातींनी दिलं नव्हतं. तुम्ही म्हणाल हा माझा हट्ट. असू दे.

गुरू शोधायचा तर पक्षाच्या पुढाऱ्यांत शोधू नका, ते तुमच्याकडे एक मत म्हणून बघतात. तुमच्या वॉर्डातून तीन-तीन जागा असू शकतात, तेव्हा तिथला जुना सदस्य हा प्रतिस्पर्धी नसून जोडीदार असतो. त्याच्या गाडीतून राजधानी काँकॉर्डला जा. कन्सेंट कॅलेंडर कसं वाचायचं हे मला असंच वाटेत कळलं. कमिटीत वाद न झालेली विधेयकं त्यात एकत्र बांधून एकाच मतात निकालात काढतात. त्यात 'आयटीएल' शेरा, म्हणजे 'मंजूर करू नये' अशी कमिटीची शिफारस, बसलेलं तुमचं विधेयक असेल, तर ते वेळेत बाहेर काढायला सांगावं लागतं, नाहीतर चर्चेविना संपतं. सांगायची मुदत क्लार्कच्या ऑफिसात विचारून ठेवा.

अर्ज जूनमध्ये भरायचे असतात. त्याआधीच्या हिवाळ्यात एक दिवस रजा काढून काँकॉर्डमध्ये कमिट्यांच्या सुनावण्यांना जा. सुनावणी कुणालाही खुली असते. बोलायचं असेल तर खोलीत ठेवलेलं गुलाबी कार्ड भरून द्या, नाव पुकारलं की बोला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसा आणि त्या दिवशी ऑफिसमधून किती फोन आले ते मोजा.