उद्योगातून थेट वर्गात? या चुका टाळा

वीस वर्षं प्रकल्प हाकले म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन शिकवता येतंच, अशा थाटात वर्गात शिरणारे मी दरवर्षी पाहतो. मीही तसाच शिरलो होतो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे किश्श्यांवर तास काढणं. पहिल्याच सत्रात क्रिटिकल पाथ, म्हणजे प्रकल्पाचा एकूण वेळ ठरवणारी कामांची सगळ्यांत लांब साखळी, शिकवताना मी आमच्या शटडाउनची गोष्ट रंगवून सांगितली. अडकलेला व्हॉल्व्ह, रात्रभर फोनाफोनी, सगळं. वर्ग खूश, मी त्याहून खूश. परीक्षेत साधं गणित घातलं: 'अ' ४ दिवस, त्यानंतर 'ब' ५ दिवस, 'क' स्वतंत्रपणे ७ दिवस, 'ब' आणि 'क' दोन्ही संपल्यावर 'ड' ३ दिवस. निम्म्या वर्गाने 'क' क्रिटिकल ठरवलं, का तर तेच सगळ्यांत लांबलचक काम! प्रत्यक्षात मार्ग अ-ब-ड, १२ दिवसांचा. 'क'ला २ दिवसांचा फ्लोट, म्हणजे तेवढा उशीर झाला तरी प्रकल्प लांबत नाही. एका पठ्ठ्याने तर उत्तर लिहिलं, 'व्हॉल्व्हची ऑर्डर आधीच द्यावी.' मी शिकवलं होतं ते त्याने नीट लक्षात ठेवलं होतं. शून्य कुणाला द्यायचं?

तेव्हापासून आधी आकडे फळ्यावर, मग गोष्ट. तीही दहा मिनिटं, आणि निर्णयाच्या ऐन क्षणी तोडतो. पुढचं मुलांनी सांगायचं.

दुसरं, सॉफ्टवेअरची घाई. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या अमेरिकी रसायन कंपनीत ही क्रिटिकल पाथची पद्धत आकाराला आली तीही संगणकासाठीच, मग हाताने कशाला, असं नवे लोक विचारतात. कारण पडद्यावर क्रिटिकल कामांची लाल पट्टी दिसली की मुलं डोकं बंद करतात. दहा कामांचं जाळं हाताने, पुढून (काम लवकरात लवकर कधी) आणि मागून (उशिरात उशिरा कधी), दोन्ही फेऱ्या मारून सोडवल्याशिवाय मी लॅपटॉप उघडू देत नाही. कुरकुर होते. होऊ दे.

कंपनीतल्या जुन्या स्लाइड वापरू नका. गोपनीयतेचा प्रश्न आहेच, शिवाय त्या संचालकांना पटवायला केलेल्या असतात.

विद्यार्थी तुमचे कनिष्ठ कर्मचारी नाहीत. 'उद्यापर्यंत करून आणा' इथे चालत नाही.

गुण कशाला किती, हे प्रश्नपत्रिका काढतानाच लिहून ठेवा.

आणि 'निवृत्तीनंतर बघू, शिकवणं काय!' म्हणणाऱ्यांनी नोकरीत असतानाच एक पूर्ण सत्र शिकवून पाहावं, तेही पेपर तपासण्यासकट. एखादं पाहुणं व्याख्यान त्यात धरू नये.