झोहो बुक्समधली बिलं ॲक्सेसमध्ये कशी आणायची

बिलं आणि जीएसटी झोहो बुक्स या ऑनलाइन हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, पण गोडाऊनची डिलिव्हरी चलनं, सेल्समनची उधारी आणि कमिशन अजून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या जुन्या फाइलीत. घाऊक व्यापाऱ्यांकडे ही जोडी सर्रास दिसते. मग रोज संध्याकाळी कुणीतरी एका खिडकीत बघून दुसऱ्या खिडकीत आकडे टाइप करत बसतं. ॲक्सेसला झोहो बुक्सचा डेटा थेट वाचता आला तर हे काम वाचतं, आणि तो ओडीबीसी ड्रायव्हरमधून, म्हणजे दोन सॉफ्टवेअर जोडणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममधून, वाचता येतो. सीडेटा, डेव्हआर्ट अशा कंपन्या झोहो बुक्ससाठीचा ड्रायव्हर विकतात. मोफत चाचणीची मुदत मिळते, ती पुरती वापरून मगच पैसे भरा.

डेटा महिन्यातून एकदाच लागत असेल तर मात्र ड्रायव्हर घेऊच नका. झोहोतून सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) उतरवा, ॲक्सेसमध्ये इम्पोर्ट करताना शेवटी 'सेव्ह इम्पोर्ट स्टेप्स'वर टिक करा, पुढच्या महिन्यात त्याच नावाची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवून ते इम्पोर्ट पुन्हा चालवा. खर्च शून्य.

रोज लागणार असेल तर पुढे वाचा.

सुरुवात ॲक्सेस ३२-बिट आहे की ६४-बिट, हे बघण्यापासून. फाइल, अकाउंट, अबाउट ॲक्सेस इथे वरच्याच ओळीत ते लिहिलेलं असतं. विंडोज ६४-बिट आहे म्हणून ॲक्सेसही तसाच असेल असं धरू नका. जुन्या ऑफिसची बरीच इन्स्टॉलेशन्स ३२-बिट आहेत. ड्रायव्हर ॲक्सेसच्या जातीचाच लागतो. चुकलं तर 'आर्किटेक्चर मिसमॅच' असा एरर येतो आणि लोक उगाच पासवर्ड बदलत बसतात.

ड्रायव्हर बसवल्यावर स्टार्ट मेनूत ओडीबीसी टाइप करा. दोन 'डेटा सोर्सेस' दिसतील, एक ३२-बिट, एक ६४-बिट. आपल्या ॲक्सेसला जुळणारा उघडा, 'ॲड' दाबा, ड्रायव्हर निवडा, साधं नाव द्या. आता दोन गोष्टी भरायच्या. एक, ऑर्गनायझेशन आयडी: झोहो बुक्समध्ये उजव्या कोपऱ्यात फर्मच्या नावावर क्लिक केलं की तो दिसतो. दोन, डेटा सेंटर: ब्राउझरमधला झोहोचा पत्ता डॉट इन आहे की डॉट कॉम, ते बघून निवडा. भारतातली खाती सहसा डॉट इनवर असतात. मग ब्राउझर उघडून झोहो लॉगिन आणि परवानगी मागेल. प्लॅनमध्ये जागा असेल तर इथे मालकाचं लॉगिन वापरू नका; फक्त बघण्याची परवानगी असलेला वेगळा युजर तयार करा. ॲक्सेसमधून हिशेबात काही लिहायला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, सक्तीचा आहे. एका चुकीच्या अपडेट क्वेरीने शंभर बिलं बदलली तर त्या शंभर नोंदी ऑडिटरसमोर तशाच राहतील.

आता ॲक्सेस. 'एक्स्टर्नल डेटा' टॅब, 'न्यू डेटा सोर्स', 'फ्रॉम अदर सोर्सेस', 'ओडीबीसी डेटाबेस'. तिथे लिंक टेबलचा पर्याय घ्या, 'मशीन डेटा सोर्स'मध्ये आपलं नाव निवडा आणि लागतील तेवढीच टेबलं जोडा: विक्रीची बिलं (इन्व्हॉइस), ग्राहक, क्रेडिट नोट. ॲक्सेसने युनिक रेकॉर्ड आयडेंटिफायर विचारला तर बिलाचा आयडी द्या.

टेबल उघडलं, बिलं दिसली, की काम संपल्यासारखं वाटतं. खरी गोम इथून पुढे. लिंक टेबल म्हणजे तुमच्या मशीनवरचा डेटा नव्हे. ते उघडलं की ड्रायव्हर झोहोकडे विनंत्या पाठवतो आणि त्या मोजल्या जातात. एका फर्मला मिनिटाला १०० विनंत्या, आणि मोफत प्लॅनवर दिवसाला १,०००. बिलांची यादी एका विनंतीत २०० या हिशेबाने येते, म्हणजे ३,००० बिलं १५ विनंत्यांत. पण यादीत बिलातल्या मालाच्या ओळी नसतात. त्या हव्या तर दर बिलामागे एक विनंती, म्हणजे ३,०००. मोफत प्लॅनचे तीन दिवस एका रिपोर्टमध्ये संपले!

म्हणून रिपोर्ट लिंक टेबलावर बांधू नका. ॲक्सेसमध्ये तसंच एक लोकल टेबल करा, दिवसातून एकदा अपेंड क्वेरीने नवी बिलं त्यात ओता, आणि सगळे रिपोर्ट त्या टेबलावरून काढा. जुनी बिलंही नंतर बदलतात, पैसे जमा होतात, म्हणून चालू महिना आणि मागचा महिना पुसून पुन्हा भरा. त्याआधीच्या थकलेल्या बिलांसाठी महिन्यातून एकदा पूर्ण यादी आणा. तारखेची अट पास-थ्रू क्वेरीत, म्हणजे ॲक्सेस जशीच्या तशी ड्रायव्हरकडे पाठवतो त्या क्वेरीत, लिहिलेली बरी. साध्या क्वेरीत 'फॉरमॅट'सारखं ॲक्सेसचं फंक्शन तारखेवर लावलं, तर आधी सगळी बिलं खेचली जातात आणि मग गाळली जातात. लोकल टेबलात आयडीचे रकाने 'शॉर्ट टेक्स्ट' ठेवा. हे आयडी बरेच लांब असतात आणि 'डबल' या आकड्यांच्या रकान्यात १५ आकड्यांपुढचं नीट राहत नाही. दोन वेगळे ग्राहक एकच दिसू लागतात.

एवढं झालं की मेहनतीचं चीज करणारा रिपोर्ट काढता येतो: माल गेला, पण बिल झालं नाही, अशी चलनं. बिल करणाऱ्याला सांगून ठेवा की झोहोच्या बिलावर 'ऑर्डर नंबर'च्या रकान्यात चलन नंबर टाकायचा. ॲक्सेसमध्ये तो 'रेफरन्स नंबर' या नावाने येतो. मग 'क्वेरी विझार्ड'मधून 'फाइंड अनमॅच्ड क्वेरी' चालवा, एका बाजूला चलनं, दुसऱ्या बाजूला बिलं. पहिल्या वेळी यादी भलतीच लांब आली तर घाबरू नका. एकाने ०४५ लिहिलेलं असतं, दुसऱ्याने ४५, तिसऱ्याने पुढे स्पेस सोडलेली असते. बिलांच्या बाजूला ड्राफ्ट आणि व्हॉइड झालेली बिलं आधी गाळा, नाहीतर रद्द बिलामुळे चलन जुळल्यासारखं दिसेल. विक्रीची बेरीज काढताना क्रेडिट नोटही वजा करा, ती वेगळ्या टेबलात असते.

'मशीन डेटा सोर्स' त्या एका कॉम्प्युटरपुरताच असतो. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तर रिपोर्ट चालतील, कारण ते लोकल टेबलावर आहेत. नवी बिलं ओतणं मात्र तिथेही ड्रायव्हर बसवल्याशिवाय होणार नाही. रोज पुसून भरल्याने फाइल फुगते आणि ॲक्सेसची मर्यादा २ जीबी आहे, तेव्हा दर आठवड्याला बॅकअप घेऊन 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवत जा.