रॅमचा स्लॉट खरंच गेलाय का? घरच्या घरी तपासा

आठ-आठ जीबीच्या दोन रॅम लावल्या आहेत, पण विंडोज आठच जीबी वापरतंय. किंवा दुसरी रॅम लावली की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन मात्र काळी. ती काढली की सगळं सुरळीत. दुकानात नेलं तर बऱ्याचदा तिथल्या तिथे निकाल लागतो: "स्लॉट गेलाय, मदरबोर्ड बदलावा लागेल."

कधी कधी ते खरंही असतं. पण स्लॉट म्हणजे प्लास्टिकच्या खाचेत बसवलेल्या धातूच्या बारीक, लवचीक पट्ट्या. आपोआप बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. बिघाड बहुतेक वेळा स्लॉटच्या अलीकडे असतो, म्हणजे रॅममध्ये, धुळीत किंवा बसवण्यात. नाहीतर पलीकडे, म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटमध्ये. म्हणून स्लॉटवर आळ सगळ्यात शेवटी घ्यायचा.

कॅबिनेट उघडण्याआधी

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे लिहिलेलं असतं. त्याच्या आसपास 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' असा एक आकडा असतो, तो नीट बघा. ऑनबोर्ड ग्राफिक्ससाठी थोडी मेमरी राखून ठेवलेली असते, त्यामुळे १६ पैकी १५.८ जीबी वापरता येत असेल तर काही बिघडलेलं नाही. पण '१६ जीबी बसवलेली, ७.९ वापरण्याजोगी' असं दिसत असेल, तर ती मोठी खूण आहे.

त्याचं कारण असं. रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या रॅमची क्षमता, वेग वगैरे माहिती साठवलेली असते. ती चिप वाचायला वेगळ्या दोन बारीक तारा पुरतात. प्रत्यक्ष डेटाच्या तारा मात्र ६४, शिवाय डेटा कुठे ठेवायचा तो पत्ता सांगणाऱ्या वेगळ्या. त्यामुळे बोर्डाला रॅमची ओळख पटते, पण तिच्याशी व्यवहार जमत नाही, असं होऊ शकतं. अशा वेळी संशय संपर्कावर घ्यायचा: मळलेले पिन, अर्धवट बसलेली रॅम, किंवा सॉकेटमधली वाकलेली पिन. रॅम अजिबात दिसतच नसेल, तर पट्टीच गेल्याची शक्यता वाढते.

सॉफ्टवेअरची दोन कारणंही आधीच निकालात काढा. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वर ते जाणारच नाही. आणि विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी' वर कुणीतरी टिक करून ठेवलेली असू शकते. ती काढून मशीन पुन्हा सुरू करा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, पूर्ण मेमरी दिसते आणि विंडोजमध्ये नाही, असं असेल तर ही टिक आधी बघा.

उघडताना

मशीन बंद करा, मागची वायर काढा आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट उतरतो. नुसतं शटडाउन करून भागत नाही. वायर लावलेली असेल तर बंद मशीनच्या बोर्डावरही ५ व्होल्ट असतात, आणि अशात रॅम ओढली तर चांगली पट्टीही जाऊ शकते. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करा. थंडीच्या कोरड्या दिवसांत, त्यातून अंगात लोकरीचा स्वेटर असेल तर, हे विसरू नका.

काही काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. कुठली पट्टी कुठे होती, हे नंतर नेमकं आठवत नाही.

आधी बसवणं तपासा

चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूने मोजलं तर नावं सहसा ए१, ए२, बी१, बी२ अशी असतात. ए आणि बी हे दोन चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधले दोन वेगळे मार्ग. एकच रॅम असेल तर ती ए२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोन असतील तर ए२ आणि बी२. बहुतेक नव्या बोर्डांवर तार ए१ वरून पुढे ए२ पर्यंत जाते. रॅम ए१ मध्ये लावली तर तारेचं पुढचं टोक मोकळं राहतं आणि त्यावरून सिग्नल उलटा फिरतो. कमी वेगाला चालून जातं, जास्त वेगाला मशीन अडखळतं. दोन्ही रॅम शेजारी-शेजारी लावून "दुसरा स्लॉट चालत नाही" म्हणणारे पुष्कळ असतात.

दुसरी गोष्ट लॉकची. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर लॉक एकाच टोकाला असतो. त्या टोकाला 'टक्' ऐकू आलं की माणूस हात काढून घेतो आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. मग आडवी नजर लावून बघा: सोनेरी पट्टी एका टोकाला जास्त दिसत असेल तर रॅम तिरकी बसली आहे. प्रोसेसरवर मोठा कूलर असेल तर तो पहिल्या स्लॉटमधल्या रॅमला ढकलत नाही ना, तेही पाहा.

जोर लावूनही पट्टी जात नसेल तर थांबा. डीडीआर३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या. डीडीआर३ ला २४० पिन, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८, पण प्रत्येकाची खाच वेगळ्या जागी असते. एकाची रॅम दुसऱ्यात जात नाही आणि जायलाही नको.

साफसफाई

आपल्याकडे अर्धी दुखणी इथेच बरी होतात. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत जुन्या रॅमचे पिन काळवंडतात. हॉटेलच्या गल्ल्यावरच्या बिलिंग मशीनमध्ये धूळ आणि तेलाचा चिकट थर बसतो, तो ब्लोअरने हलत नाही.

रॅमच्या पिनांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दोरे न सुटणारं कापड सगळ्यात चांगलं. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. खोडरबराचा उपाय दुकानांमध्ये सर्रास चालतो. माझं मत: काळ्या पडलेल्या जुन्या पट्टीवर साधं पांढरं खोडरबर एकदा हलक्या हाताने फिरवायला हरकत नाही, पण दर महिन्याला घासू नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडणार नाही याची काळजी घ्या आणि नंतर अल्कोहोलने पुसून घ्या.

स्लॉटसाठी नवा, कोरडा, मऊ टूथब्रश आणि ब्लोअर वापरा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक थेंब आत जातात. चिकटपणा असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारा आणि पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचा नेहमीचा स्प्रे इथे वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो.

मग टॉर्च तिरका धरून आत बघा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कंगव्याच्या दातांसारख्या एका रेषेत दिसायला हव्यात. एखादी आत दबलेली, वर आलेली किंवा काळी दिसली तर ती जागा लक्षात ठेवा. एका दुकानातल्या मशीनमध्ये मला स्लॉटच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा कपटा सापडला होता, नव्या रॅमच्या पाकिटाचा. समोरून बघून तो दिसत नव्हता. प्रकाश बाजूने पडल्यावर चमकला. तो चिमट्याने काढला आणि 'मेलेला' स्लॉट चालू झाला.

अदलाबदलीची परीक्षा

आता खरी तपासणी. त्याआधी बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणा: बोर्डावरचा सीआर२०३२ सेल वायर काढलेली असताना पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना क्षणभर जोडा. एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम जाहिरातीतल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू असेल तर त्याने बंद होतं. जाहिरातीतला वेग न झेपल्यामुळे मशीन सुरू न होणं आणि स्लॉट खराब असणं, वरवर पाहता सारखंच दिसतं. चारही स्लॉट भरले की झेपणारा वेग आणखी उतरतो.

मग असं करा:

१. दोन्ही पट्ट्यांवर कागदी टेपने 'क' आणि 'ख' लिहा.

२. एकट्या 'क'ने ए२ मध्ये मशीन सुरू करा. मग तीच पट्टी एकेक करून बाकीच्या स्लॉटमध्ये लावा. प्रत्येक वेळी वायर काढून.

३. हेच सगळं 'ख' घेऊन करा.

४. निकाल कागदावर लिहा. चार स्लॉट आणि दोन पट्ट्या म्हणजे आठ नोंदी. डोक्यात राहत नाहीत.

डीडीआर५ असेल तर धीर धरा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो आणि तोवर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. त्यात घाबरून बटण दाबून बंद केलं तर सगळं पहिल्यापासून. बोर्डावर डीरॅम लिहिलेला छोटा दिवा असेल तर त्यावर नजर ठेवा. बीपचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे ते आपल्याच बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघा.

आता कागद वाचा. 'ख' कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नाही आणि 'क' सगळीकडे चालते: रॅम गेली, बोर्ड ठीक. दोन्ही पट्ट्या ए१ मध्ये अडतात पण ए२ मध्ये चालतात: आता स्लॉटवर आळ घ्यायला हरकत नाही, कारण दोन्ही स्लॉट एकाच चॅनलवर आहेत आणि चॅनल तर जिवंत आहे. बी१ आणि बी२ दोन्ही मेलेले, ए१ आणि ए२ चालू: दोन स्लॉट एकाच दिवशी बिघडत नाहीत. इथे बिघाड प्रोसेसरकडे आहे.

दोनच स्लॉटच्या बोर्डावर, म्हणजे इंटेलच्या एच६१, एच८१, एच११० चिपसेटच्या बोर्डांसारख्या, ही खूण मिळत नाही. तिथे एक स्लॉट म्हणजेच एक चॅनल. तेव्हा पुढची पायरी गाळू नका.

सॉकेट आणि कूलर

पूर्वी रॅमचा कारभार बोर्डावरच्या वेगळ्या चिपकडे असायचा. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ बरोबर तो डेस्कटॉप प्रोसेसरच्या आत नेला. म्हणून सॉकेटमधली एक पिन वाकली तरी अख्खं चॅनल गायब होतं आणि बोल मात्र स्लॉटला लागतो.

आधी सोपा उपाय: कूलर काढून पुन्हा लावा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आणि सारखे आवळा. एका बाजूला जास्त दाब पडला की दुसऱ्या बाजूच्या पिनांचा संपर्क सुटतो. नेमका नवा कूलर लावल्यानंतर एक रॅम दिसेनाशी झाली असेल, तर दुसरीकडे शोधत बसू नका. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट मात्र नवी लावा.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल तर सावध. त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे तो कूलरला चिकटून उपटला जातो. काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग वायर काढून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

इंटेल आणि एएमडीच्या एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. बोट लावू नका. प्रकाश एका बाजूने टाका, मोबाइलचा कॅमेरा झूम करा आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. सगळ्या पिनांची टोकं एका ओळीत चमकतात. एखादी वेगळ्या दिशेला चमकली की तीच. बारीक सुईने ती सरळ करता येते, पण हात कापत असेल तर चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरच्या सुट्या भागांच्या दुरुस्तीचं, काम करणाऱ्याकडे द्या. पिन तुटली तर बहुतेक वेळा बोर्ड संपला.

मशीन सुरू होतं, पण मध्येच अडकतं

निळी स्क्रीन, फाइली खराब होणं असा त्रास असेल तर मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एका वेळी एकच पट्टी लावा. दोन असल्या तर चूक कुणाची ते कळत नाही. दोन वेगवेगळ्या पट्ट्यांना एकाच स्लॉटमध्ये त्याच बिटवर चूक दाखवली, तर त्या बिटची तार कुठेतरी नीट टेकत नाही. स्लॉट पुन्हा साफ करून टेस्ट परत लावा.

स्लॉट खरंच गेला असेल तर

बोर्ड वॉरंटीत असेल तर आधी तिकडेच. पण हातातून देण्याआधी सॉकेटचे स्वच्छ फोटो काढा आणि तपासणाऱ्यासमोर झाकण उघडून दाखवा. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, आणि ती कुणाच्या हातून वाकली हे नंतर सिद्ध करता येत नाही.

वॉरंटी संपली असेल तर स्लॉट बदलून मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात हे काम करणारे कारागीर सापडतील. महागड्या बोर्डासाठी ते परवडतं, जुन्या एच६१ साठी नाही. त्यापेक्षा चालू स्लॉटमध्ये जास्त क्षमतेची एक पट्टी टाका. चार स्लॉटच्या बोर्डावर एखादा गेला असेल तर दोन पट्ट्या अशा लावा की दोन्ही चॅनलवर एकेक राहील. उदाहरणार्थ, ए२ मेला तर ए१ आणि बी१ किंवा ए१ आणि बी२ लावून बघा. वेग थोडा उतरवावा लागेल. एकाच चॅनलवर दोन्ही टाकल्या तर ऑनबोर्ड ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला फरक लगेच जाणवतो, टॅली आणि एक्सेलवाल्याला नाही. आणि मेलेल्या स्लॉटवर कागदी टेप चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी मशीन उघडणारा तिथेच रॅम लावून तास घालवणार नाही.