टंबलिंगसाठी (कोलांट्या-उड्यांसाठी) मॅट निवडताना

शाळेत किंवा व्यायामशाळेत जिम्नॅस्टिक्सचा वर्ग सुरू करताना, मॅट किती जाड घ्यावी हे विचारण्याआधी मुले तिच्यावर नेमके काय करणार आहेत, हे निश्चित करावे. कोलांटउडी मारताना आणि हातांवर उभे राहताना तळव्यांना ठाम आधार लागतो, तर उंचावरून उतरताना शरीराचा वेग हळूहळू जिरवणारी जाडी लागते. या दोन्ही गरजा एकच मॅट क्वचितच भागवते.

पहिली खरेदी घडीच्या मॅटची करावी. साधारण 4 बाय 8 फुटांची, 3.5 ते 5 सेंटिमीटर जाडीची ही मॅट आतून घट्ट फोमची असते. पाय रुतत नाहीत, म्हणून रोज शिकवण्यासाठी हीच योग्य. कडांना वेल्क्रो आहे ना, हे अवश्य पाहावे, कारण दोन मॅटमधील फटीत पाऊल अडकून घोटा मुरगळतो. लहान मुलांना मागची कोलांटी शिकवायची असेल, तर त्याच वेळी एक उतरती मॅट घ्यावी. उतारामुळे गती आपोआप मिळते आणि मानेवरचा भार कमी होतो.

उंचावरून उतरण्यासाठीची मऊ मॅट, म्हणजे क्रॅश मॅट, 20 ते 30 सेंटिमीटर जाड असते. तिच्यातील मऊ फोम दाबला गेला की आतली हवा कडेच्या जाळीतून बाहेर पडते आणि पडण्याचा जोर जिरतो. मात्र याच मऊपणामुळे धावत येऊन कसरत करण्यासाठी ती धोक्याची ठरते. हात रुततो, कोलांटी मध्येच थांबते आणि भार मानेवर येतो. म्हणून तिचा वापर उतरण्यापुरताच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उपकरणांखाली 20 सेंटिमीटरच्या लँडिंग मॅट असतात, पण त्या क्रॅश मॅटपेक्षा कठीण असतात, कारण खेळाडूला दोन पायांवर स्थिर उभे राहायचे असते. मल्लखांबाभोवती मॅट मांडतानाही खांबाच्या बुंध्याशी फट राहू देऊ नये.

जुनी क्रॅश मॅट तपासण्यासाठी मोठ्या माणसाने तिच्या मध्यभागी गुडघ्यांवर जोर देऊन बसावे. खालची फरशी जाणवली, तर फोम बसला आहे, असे समजून तिच्यावर उंचावरून उतरणे बंद करावे.

हवा भरून वापरायचा एअर ट्रॅक, म्हणजे लांब फुगीर पट्टा, फ्लिप (हवेतली कोलांटी) शिकण्यासाठी उत्तम आहे, परंतु तो शरीराला परत उसळवतो, म्हणून त्याच्या शेवटी लँडिंग मॅट हवीच. खानदेशात त्याची विशेष काळजी घ्यावी लागते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी गच्च भरलेली हवा दुपारी प्रसरण पावते आणि शिवणींवर ताण येतो. त्यामुळे उन्हाळ्यात हवा थोडी कमी भरावी व वर्ग संपताच काही हवा सोडावी. खाली अंथरण्यापूर्वी फरशी झाडून घ्यावी, कारण बारीक खड्यांनीही तळ फाटतो.

साऱ्याच मॅट कपाशीच्या काळ्या मातीच्या धुळीने लवकर निसरड्या होतात. वर्गानंतर ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण सुकल्यावरच त्यांची घडी घालावी. क्रॅश मॅटचे आवरण फाटले, तर पावसाळ्याआधी शिवून घ्यावे. आतला फोम ओलावा शोषतो आणि एकदा भिजला की सहज सुकत नाही.