एम-टू काढायचा असेल तर कूलर लागायच्या आधी बसा

इंजिनिअरिंगच्या सेकंड सेमचं मॅथ्स, म्हणजे आपला एम-टू, पोट्ट्यांना काहून जड जाते माहीत आहे का? फर्स्ट सेमला डेरिव्हेटिव्ह जमले म्हणून इंटिग्रेशनही तसंच जमेल असं वाटते. डेरिव्हेटिव्हमध्ये नियम लावत गेलं की उत्तर बाहेर पडतेच, इथे मात्र कोणता नियम लावायचा हेच आधी ओळखावं लागते आणि सगळा खेळ तिथेच आहे. माझा स्वतःचा बॅक लागला होता यात, म्हणजे विषय राहिला होता, म्हणून सांगून राहिलो.

पहिल्या आठवड्यात नवीन काही करू नका. बारावीचं ट्रिग आणि पार्शल फ्रॅक्शन काढा. साईन स्क्वेअर एक्स म्हणजे कंसात १ वजा कॉस टू एक्स, भागिले २, हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. नापास होणाऱ्यातले कित्येक जण कॅल्क्युलसमध्ये नाही, याच्यातच अडकतात. माझंही तेच झालं होतं.

मग हा एक उद्योग करा, माझं सगळ्यात जास्त यानेच सुधारलं. वेगवेगळ्या एक्सरसाईजमधली ३० गणितं एका कागदावर उतरवा, सरमिसळ करून, आणि सोडवू नका! प्रत्येकासमोर फक्त लिहा, सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स का आणखी काही. एक्स गुणिले ई रेज टू एक्स असेल तर बाय पार्ट्स. तेच ई रेज टू एक्स स्क्वेअर झालं आणि बाहेर एक्स असेल तर एक्स स्क्वेअरला टी धरा, दोन ओळीत मोकळे. आणि बाहेरचा एक्सच नसेल तर? मग भाऊ, रात्रभर बसा, आपल्या नेहमीच्या फंक्शनमध्ये त्याचं उत्तर लिहिताच येत नाही, कोणालाच नाही.

हेच गणित पुढे डबल इंटिग्रलमध्ये वेश बदलून येते. आतलं इंटिग्रेशन ई रेज टू वाय स्क्वेअर, वाय जातो एक्स पासून १ पर्यंत, आणि बाहेर एक्स ० ते १. असं दिसलं की समजायचं, ऑर्डर बदलायला सांगून राहिले. आकृती काढल्याशिवाय लिमिटला हात लावू नका राजेहो. त्रिकोण काढा, पट्टी आडवी धरा, मग एक्स ० ते वाय आणि वाय ० ते १. आतलं झालं की हवा असलेला वाय आपोआप बाहेर येऊन बसतो, उत्तर कंसात ई वजा १, भागिले २.

गामा फंक्शनचा चॅप्टर मार्क देणारा आहे, सोडू नका. गामा हाफ म्हणजे रूट पाय, आणि गामा ५ म्हणजे २४, १२० नाही. एक कमी करून फॅक्टोरियल घ्यायचा असतो, इथे दरवर्षी कोणी ना कोणी मार्क सांडतेच.

ज्यांना सिरीज आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवा की पद शून्याकडे गेलं म्हणजे सिरीज कन्व्हर्ज झाली असं होत नाही. १ अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, असंच पुढे, याची १० लाख पदं घेतली तरी बेरीज साडेचौदाच्या आतच राहते, तरी ती कुठेच थांबत नाही, वाढतच जाते. आणि रेशो टेस्टमध्ये १ आला तर काहीच ठरत नाही, दुसरी टेस्ट लावा.

व्हिडिओ बघून सगळं कळते, वहीत काहीच येत नाही, म्हणून व्हिडिओ अर्ध्यात थांबवून पुढची ओळ स्वतः लिहा. आपल्या नागपुरात लोकमान्य नगरवरून बर्डीपर्यंत मेट्रोत येणाऱ्यांनी तेवढ्या वेळात तो ओळखायचा कागद काढावा, सोडवायचं नसल्याने मांडीवरही होते. खरं सोडवणं सकाळी, तर्री-पोहे खायला निघायच्या आधी. दुपारी कूलरसमोर बसलं की कागदं उडतात नाहीतर झोप लागते, तिसरं काही होत नाही.

तरी शेवटचे दोन आठवडे दुपारीच बसा, तुमचा पेपर दुपारचा असेल तर. कूलर बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, जुना पेपर घड्याळ लावून ३ तास. आणि हाताखाली रुमाल ठेवायची सवय आत्ताच लावा, घामाने शाई पसरली की एवढी निगुतीने काढलेली आकृती तपासणाऱ्याला दिसणार कशी.