गूगल कॅलेंडरमध्ये आधी प्रवास, मग अभ्यास

बारावीचं कॉलेज, प्रॅक्टिकल, क्लास आणि लोकलचा प्रवास आधी भरून टाका, दर आठवड्याला रिपीट लावून. मग खरा मोकळा वेळ किती उरतो ते दिसतं, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. त्या वेळेत अभ्यासासाठी राखलेल्या ब्लॉकला नुसतं ‘फिजिक्स’ नाव देऊ नका. ‘रोटेशनल डायनॅमिक्स, शेवटची 10 गणितं’ असं लिहा, म्हणजे बसल्याबरोबर वही उघडता येते. दोन ब्लॉकमध्ये 15 मिनिटं सोडाच. रविवारची सकाळ मुद्दाम कोरी ठेवा. हुकलेला ब्लॉक डिलीट न करता ओढून तिथे न्यायचा. तो रिपीट होणारा असेल तर बदल फक्त त्याच दिवसापुरता निवडा, नाहीतर पुढचे सगळे आठवडे हलतात.